एका चौकटीत दोन विल्यम

इझी काउईला त्या फलकाची अक्षरशः किळस आली. गावाच्या सभागृहात तो नुकताच टांगला होता: ‘नामवंत काउई’. कोण ग्लासगोचा बिस्किटवाला, कोण कॅनडात गेलेला सेनापती, कोण लोकरीच्या गिरणीचा मालक. एकानेही या बंदरात कधी पाय ठेवला नव्हता. आडनाव जुळलं की झाले सोयरे!

इथवर ती नुसतं नाक मुरडत होती. सातव्या चौकटीपाशी मात्र तिने मजकूर दोनदा वाचला. ‘विल्यम काउई. हेरिंग मासळीचे मोठे व्यापारी. १९३६च्या वादळात सहा नॉर्वेजियन खलाशांना वाचवले.’ वर दुहेरी हनुवटीचा फोटो.

खलाशी वाचवले होते तिच्या भावाने. सातव्या खलाशाला आणायला गेला तो परतलाच नाही. प्रेत मिळालं नाही, त्यामुळे थडगंही नाही. त्याच्याबद्दल कुठेतरी दोन शब्द लिहिलेले असावेत, एवढ्यासाठी इझी पन्नास वर्षं थांबली होती.

फोटोतला विल्यम वेगळाच, मासळीचा व्यापारी, गावात ‘विली डच’ म्हणून ओळखला जाणारा. निम्मं गाव काउई, त्यात विल्यम अकरा. म्हणून तर प्रत्येक घराण्याला टोपणनाव, पत्रावर, मतदारयादीत, थडग्यावरसुद्धा. तिचा भाऊ विली पार्टन. पार्टन म्हणजे खेकडा; आजोबा तिरपे चालायचे. विली डचकडे इझीने तरुणपणी मासळी भरली होती. पिंपाच्या तळाला सडकी हेरिंग, वर दोन थर ताजी. बोटांना चिंध्या बांधून ती तो लिबलिबीत माल रचायची. घरी कितीही साबण लावा, घास तोंडाशी नेला की तोच वास. आणि हा गृहस्थ रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर!

फलक बनवणारा सँडी, निवृत्त मास्तर, खाली खुर्च्या मांडत होता.

“सँडी, टोपणनावं कुठं गेली रे?”

“गाळली. उद्या बाहेरचे पाहुणे येणार, इझी. खेकडा, बेडूक... शोभतं का ते?”

“तुला लाज वाटली म्हणून माझा भाऊ या कुजक्याच्या नावावर घातलास?”

“अगं, झाली असेल चूक. पुढच्या वर्षी बघू. दोघं काउईच ना शेवटी? मोठेपणा घरातच राहिला!”

“तोंडात किडे पडोत तुझ्या.”

बहात्तर वर्षांची इझी खुर्ची ओढून वर चढली आणि घराच्या किल्लीने खलाशांची ओळ खरवडू लागली.

“काय करतेस हे! भावाचं एवढंच तर लिहिलंय!”

“त्या थोबाडाखाली नको.”

ती थांबली नाही. रंगाचे पापुद्रे तिच्या बाहीवर पडत राहिले. ‘मोठे व्यापारी’ तेवढं उरलं. ते तिने तसंच ठेवलं. विली पार्टनचं आता जगात कुठंच काही लिहिलेलं नव्हतं.