पंचाहत्तरीची वही

लातूरच्या एका डाळ मिलमध्ये मी सगळी नोकरी माल तपासण्यात काढली. आलेल्या पोत्यात परखी, म्हणजे टोकदार पोकळ सळई, खुपसायची आणि तळातली तूर हातावर घेऊन बघायची. वर घातलेला माल नेहमी चांगलाच असतो. ही सवय मिलच्या फाटकापाशी ठेवून घरी यावं, हे मला कधी सुचलं नाही. दूधवाल्यापासून व्याह्यांपर्यंत मी कुणालाच सोडलं नाही.

त्यामुळं यंदा घरात कुजबुज सुरू झाली तसे माझे कान टवकारले. मुलगा फोनवर बोलता बोलता गच्चीवर जायचा. सूनबाईनं माझा लग्नातला फोटो मागितला, वर "सहजच" म्हणाली. आमच्या घरात सहज काही होत नाही. नांदेडला दिलेली मुलगी रोज भावाला फोन करत होती, मला नाही. मी ताडलं, देवणीकडच्या शेताचं काहीतरी शिजतंय. बाप जिवंत असताना वाटण्या! कुणाला न सांगता मी नांदेडची एसटी धरली.

मुलीनं दार उघडलं, मला पाहिलं आणि तिची नजर पटकन टेबलाकडं गेली. तिथं एक जाड वही होती.

"आप्पा, तुम्ही? फोन तरी करायचा."

"फोन केला असता तर ही वही दिसली असती का?"

ती चहा ठेवायला आत गेली, आणि मी वही उघडली.

शेताचा एक शब्द नव्हता. माझ्या पंचाहत्तरीला सगळ्यांसमोर वाचायला नातेवाइकांकडून माझ्या आठवणी लिहून घेतल्या होत्या. मेहुण्यानं लिहिलं होतं, त्याच्या लग्नात दाजींनी टोपल्यात कोपरापर्यंत हात घालून तळातली बुंदी चाखली. मुलानं लिहिलं होतं, दहावीला पहिला आलो तर आप्पा आधी शाळेत जाऊन गुणपत्रिका खरी आहे का ते विचारून आले, मग पेढे आणले. सगळ्यांनी प्रेमानंच लिहिलं होतं, पण सगळ्यांना माझ्याबद्दल एकच गोष्ट आठवत होती. भावाच्या आजारपणात मी दोन महिने दवाखान्यात काढले, त्याची एक ओळ नव्हती. मला आधी राग आला, मग भीती वाटली, मी एवढाच उरणार की काय. मुलीचं पान कोरं होतं.

"तुझं पान कोरं का?" ती चहा घेऊन आल्या आल्या मी विचारलं. "काय लपवतेस?"

तिनं कपबशी माझ्यापुढं ठेवली. मग म्हणाली, "बारावीला मी क्लासला चालत जायची, तवा तुम्ही सायकलवर मागं मागं यायचात."

हे कुणालाच माहीत नाही, अशी माझी इतकी वर्षं खात्री होती.

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून. मैत्रिणी हसायच्या. मी म्हणायची, बाप हाय, काळजी करतो. खरं सांगा आप्पा, काळजी होती का संशय?"

काळजी म्हणणं सोपं होतं. तिनं ते मानलंही असतं आणि पान गोड शब्दांनी भरलं असतं. मी गेल्यावर तिच्याकडं माझं काय उरणार, ते त्या एका शब्दावर होतं.

"संशय," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. "म्हणूनच मी हळू चालायची. गर्दीत दिसेनाशी झाले तर तुम्ही मनात काय काय आणाल आणि घरी येऊन आईला फैलावर घ्याल, याचं भ्या वाटायचं. हे लिहावं का न्हाई, तेच कळंना."

मला लाज वाटली. कारण ती एवढी हळू का चालते, वाटेत कुणाची वाट बघते, हे मी तेव्हा तिच्या आईला रोज खोदून खोदून विचारायचो. तिची आई आता नाही. मी ते मुलीला सांगितलं, आणि म्हणालो, "हेही लिही."