कडक पाट्यांची गाडी आणि कुरडयांचं देऊळ: नाशिक ते सटाणा

नणंदेच्या नातीचं लग्न सटाण्याला, आणि रुखवतात मांडायला कुरडयांचं देऊळ करून आणते असं मी बोलून बसले होते. वन्संचा फोन आला, "वहिनी, मोडकं आणणार असाल तर आणूच नका. व्याह्यांपुढं शोभा नको." झालं. आता अख्खं नेणं आलं. देऊळ कळसासकट गुडघ्याएवढं, आणि वाहन म्हणजे ह्यांच्या वेळची जुनी छोटी गाडी. मुलगा राजू तिला क्लासिक म्हणतो. मी तिला पाठदुखी म्हणते.

म्हणून आदल्या दिवशी गाडीचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या धक्के झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्या, बदलायला सिन्नरला गेलो. गंगापूर रोडवरून सकाळी लवकर निघा, नाहीतर शहरातच दुपार होते. रस्ता चांगला आहे. वाटेत मिसळ खाल्ली, तर्री वेगळी मागा. गॅरेजात बसायला टायर मिळतं, उशी घरून न्यावी.

मिस्त्रीनं विचारलं, "गाडीत माणसं किती बसत्यात?"

राजू म्हणाला, "पाच."

मी म्हटलं, "सात. वर सामान." आमच्यात गाडी कधी रिकामी गेली असं कुणी सांगत नाही. लोक म्हणतील, माणसं जोडता येत नाहीत.

मिस्त्रीनं मागं जाड पाटे घातले, पुढं नवे स्प्रिंग, चारी शॉकअप. आम्ही दोघं परत निघालो. पहिल्याच गतिरोधकावर माझं डोकं छताला लागलं, दुसऱ्यावर चष्मा मागच्या सीटवर गेला. राजूनं फोन लावून माझ्या हातात दिला, तर मिस्त्री म्हणाला, "आजी, सात माणसांची गाडी बनवलीय. माणसं बसवा, लोण्यावानी चालंल."

राजू म्हणाला, कांद्याच्या गोण्या टाकू. मी म्हटलं, गोणी देवळावर कलंडली म्हणजे? माणूस निदान स्वतःला सावरतो.

दुसऱ्या दिवशी देऊळ मांडीवर घेऊन आडगाव नाक्यापर्यंत बैलगाडीच्या वेगानं आलो. तिथं जीपची वाट बघणारे लोक असतात. मी काच खाली करून ओरडले, "सटाण्याच्या रस्त्याला कोण येतंय? फुकट!"

एक काडीसारखा माणूस पळत आला.

"तुम्ही नको," मी म्हटलं.

"का? पैसे देतो की!"

"पैसे देऊन जड होणार का तुम्ही?"

त्याच्या मागं एक भरभक्कम बाई उभी होती. हिराबाई. सोबत नवरा आणि दोन दीर, तिघंही दारात मावणार नाहीत असे.

"बाई, वजन किती तुमचं?"

"तुमाला काय करायचंय?"

"जास्त असलं तर पुढं बसा."

ती इतकी हसली की रागवायचं विसरली. पुढच्या लांब सीटवर राजूशेजारी बसली आणि देऊळ मांडीवर घेतलं. माझी मांडी म्हणजे दोन काठ्या, तिची म्हणजे गादी. मी तिघांबरोबर मागं. माझा एक पाय पिंपळगावच्या आधीच बधिर झाला, पण गाडी खरंच लोण्यासारखी चालली.

चांदवडला चहाला थांबलो. हिराबाईचा नवरा लघवीला उतरला तशी गाडी टुणकन वर आली आणि कळस डुलला.

"कुणी उतरायचं नाही!" मी ओरडले.

"आवो आजी, मग मी काय करू?" तो बाहेरून म्हणाला.

"तुम्ही करा आणि या. चहा आत मागवू."

घाट सुखरूप उतरलो. देवळा गाव आलं तशी हिराबाई म्हणाली, "थांबवा, बहिणीकडं जायचंय."

सटाणा अजून पुढं. रस्त्यात खड्डे. मी म्हटलं, "बहीण पळून जातेय का? लग्नाला चला. जेवण आहे."

"वळख ना पाळख!"

"मांडे आहेत."

मागून दोन्ही दीर एकदम म्हणाले, "वहिनी, चला की."

मांडवापाशी राजूनं दार उघडलं आणि हिराबाई देऊळ घेऊन तशीच आत गेली. एक कुरडई हलली नाही. वरमाईला वाटलं, देऊळ करून आणणारी नवरीकडची पाहुणी ती हीच. तिनं हिराबाईची ओटी भरली, साडी दिली. मी बधिर पाय ओढत मागून पोचले तर वन्सं म्हणतात, "वहिनी, या बाईंनी किती जपून आणलं! समदं साबूत शे! तुम्ही कशाला दगदग केली?"

मांडे चांगले होते. आमटीत तिखट कमी.

येताना चौघं देवळ्याला उतरले. पुढं नाशिकपर्यंत मी आणि राजू पॉपकॉर्नसारखे आलो. जाणाऱ्यांना एवढंच सांगते: पाटे बदलायचे तर मिस्त्रीला खरं वजन सांगा, शेजाऱ्यांना काय सांगायचं ते सांगा.

पाठ दोन दिवस शेकली. काल वन्संनी मोबाइलवर फोटो पाठवला. मधोमध देऊळ, शेजारी नवी साडी नेसून हिराबाई, कडेला माझं कोपर. खाली लिहिलंय, "नाशिकच्या हिराबाईंनी आणलेलं रुखवत." राजू म्हणाला, "आई, फोन करून सांग ना, देऊळ तू केलंयस."

मी फोटो मोठा करून कळसापासून पायरीपर्यंत बघितला. कुठं तडा नव्हता. वन्संना अंगठा पाठवला आणि फोन ठेवून दिला.