कोणत्या ओळीने भावना दुखावल्या?

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. मी नांदुऱ्याकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवडणूक तोंडावर आली होती. सकाळची हजेरी आटोपते न आटोपते तोच एक स्थानिक पुढारी चार-पाच जणांना घेऊन दाखल झाले. तालुक्यातल्या पोरांनी रॅप गाण्यांचा अल्बम काढलाय, प्रत्येक ट्रॅक्टरवर तोच वाजतोय, आमच्या भावना दुखावल्यात, गुन्हा नोंदवा! मी म्हटलं, झालं, आता ही ब्याद.

गाणी आठ जणांची, सगळ्यांची टोपणनावं. ती गोळा करून इंटरनेटवर टाकणारी मात्र एकच, बौद्धवस्तीतली नर्सिंग झालेली मुलगी. तिची आरोग्यसेविका म्हणून निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा अर्ज माझ्याच टेबलावर पडून होता. गुन्हा नोंदला की नोकरी गेली. पुढाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं.

महिला शिपायासमोर मी तिची विचारपूस सुरू केली. पुढाऱ्यांचा राग तिसऱ्या गाण्यावर होता; ते कोणी लिहिलं, एवढंच सांग. ती ढिम्म. "टाकलं म्या, जबाबदार मीच," याच्यापुढे गाडी सरकेना. दुपार झाली तरी तेच. इतकी हट्टी मुलगी मी नोकरीत पाहिली नव्हती.

मग पंचांसमोर गाणी ऐकून शब्दशः उतरवायला घेतली. पंच होते एक शिंपी आणि एक सायकलवाले. आमचे लेखनिक हवालदार घामाघूम, आणि पंच म्हणतात पुन्हा लावा! मी शिंप्यावर डाफरलो, तर तो म्हणाला, "साहेब, बाकीचे गाणे कानाले बरे लागतात. हे आमच्या घरातलं बोलनं हाय."

शेवटी तक्रारदारांचा जबाब घ्यायला बसलो. गाण्यात कोणाचंच नाव नव्हतं, म्हणून नेमकी ओळ दाखवा म्हटलं. त्यांनी तावातावाने बोट ठेवलं:

तीनदा फोडला नारळ, तीनदा घातले हार,
रस्ता कुठी हाय भाऊ? चिखलच आरपार.

मी हवालदारांना सांगितलं, लिहा, 'सदर ओळ माझ्याविषयी आहे, कारण...' आणि पुढाऱ्यांना कारण विचारलं. सोबतचा एक जण खाली मान घालून हसला. सही करायला काढलेलं पेन पुढाऱ्यांनी खिशात परत घातलं. राहू द्या म्हणाले आणि चहा न घेताच गेले.

अर्जावर मी 'प्रतिकूल नोंद नाही' असा शेरा मारला. मुलगी चौकशीसाठी ठेवून घेतलेला मोबाइल परत घ्यायला आली तेव्हा वडीलकीच्या नात्याने सुनावलं, की पोरी, आता नोकरी सांभाळ, ही थेरं पुरे.

ती शांतपणे म्हणाली, "साहेब, कोनं लेहलं हे तुम्ही दिवसभर इचारलं. खरं हाय का, हे एकदाबी नाही इचारलं."

गाण्यातल्या त्याच रस्त्यावर आमची जीप दोनदा ढकलावी लागली होती, मी स्वतः चिखलात उतरलो होतो. चौकशीत पहिला प्रश्न कोणता विचारायचा, हे मला निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना कळलं. राग त्याचाच येतो.