दोन माणसांचं काम

क्लाइव टिम्परलीच्या दारावर सहसा कुणी थाप मारत नसे. त्यामुळे त्या शनिवारी सकाळी, टोस्टवर मार्मालेड पसरताना थाप ऐकू आली, तेव्हा त्याला वाटलं रेडिओतच काहीतरी वाजलं. रेडिओवर बागेतल्या गोगलगायींचा बंदोबस्त कसा करावा, हे चाललं होतं. त्यानं आवाज बारीक केला. पुन्हा थाप, आणि पाठोपाठ हाक.

"मिस्टर टिम्परली! आहात ना घरात? की मी या खोक्याशीच गप्पा मारत बसू?"

समोरच्या घरातली, केन पार्किनची बायको ग्लेनिस. आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात वाढायचं काम केलेली बाई. आवाज अजूनही पोरांच्या गलक्यावर चढवलेलाच. क्लाइवनं घाईघाईनं तोंड पुसलं आणि दार उघडलं.

"गुरुवारपासून पडलंय माझ्याकडे," तिनं खोकं त्याच्या छातीशी टेकवलं. "एरवी संध्याकाळच्या आत न्यायला येता. म्हटलं, माणूस आहे की गेला!"

"माफ करा हं, मिसेस पार्किन. तुम्हाला उगीच त्रास."

"त्रास कसला? दोन वर्षं झाली, गाडी येतेय माझ्या घरात तुकड्यातुकड्यांनी. नाताळात तो गिअरबॉक्स आमच्या छत्र्यांशेजारी होता. केनच्या बहिणीनं त्याच्यावर कोट टाकला, तिला वाटलं कोट टाकायचंच काहीतरी आहे."

चूक क्लाइवचीच होती. दिवसभर तो मागच्या गॅरेजात, पुढच्या दारावरची थाप तिथवर पोचायची नाही. मग पार्सलवाले समोर देऊन मोकळे. तो न्यायला जायचा, उंबऱ्याबाहेर उभा राहायचा, आभार मानायचा आणि यायचा. ग्लेनिस दर वेळी म्हणायची, चहा टाकते. तो दर वेळी म्हणायचा, नको, नको, तुमची कामं असतील.

इंग्लंडातल्या डार्बीशरच्या या भागात बायका पोस्टमनपासून पाद्र्यापर्यंत कुणालाही 'माझ्या बदका' म्हणून हाक मारतात. त्यात लाडही नसतो नि थट्टाही नसते, नुसती सवय. ग्लेनिस तर दुकानातल्या पैसे घेणाऱ्या यंत्रालाही बदक म्हणायची. एकटा क्लाइव तेवढा मिस्टर टिम्परली राहिला होता. तिनं त्याला दूर ठेवलं होतं असं नाही. त्याचा चेहराच असा होता, की बदक तोंडातल्या तोंडात राहायचं.

"आणि हे आहे तरी काय?" तिनं खोक्यावरची मोठी अक्षरं वाचली. "'एकट्या माणसासाठी'. पुडिंग आहे का?"

"ब्रेकमधली हवा काढायचं यंत्र आहे."

"अस्सं. आणि गाडीचं काय झालं? बुधवारी ट्रेलरवर चढून गेली, ट्रेलरवरच परत आली. मी पडद्याआडून बघत होते, खोटं कशाला बोलू."

"नापास," क्लाइव म्हणाला. तीन दिवसांत हा शब्द त्यानं पहिल्यांदाच तोंडाबाहेर काढला होता. काढायला समोर कुणी असावं लागतं ना.

क्लाइव दात करायचा. म्हणजे दंतवैद्य नव्हे. दंतवैद्याकडून तोंडाचे साचे यायचे, त्यावरून कवळ्या करायच्या. कामाची खोली मागच्या बाजूला, खिडकी अंगणाकडे. ज्या तोंडांसाठी दात घडवले ती तोंडं त्यानं कधी पाहिली नाहीत. पण गावच लहान. पोस्टाच्या रांगेत, चर्चच्या जत्रेत कुणी हसलं की त्याला आपलं काम ओळखू यायचं. ते हसणारं माणूस त्याला ओळखत नसे. लग्न केलं नाही. आई होती तोवर घरात दोन कप निघायचे, ती गेल्यावर एक.

निवृत्तीच्या सुमाराला तो एकदा बसथांब्यावर उभा होता. समोरून एक ठेंगणी, बिनछपराची, बिनदाराची गाडी गेली. आत दोन म्हातारे, वाऱ्यानं डोळ्यांत पाणी, आणि चालवणारा तोंड भरून हसत होता. वरची सगळी पंगत दिसत होती. ते दात क्लाइवचे होते. आपल्या दातांनी कुणी इतकं उघडं हसताना त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. बस आली, तो चढला, आणि महिन्याभरात त्यानं तसल्याच गाडीच्या सुट्या भागांची मागणी नोंदवली.

या गाड्या घरीच बांधायच्या असतात. सांगाडा येतो, चाकं येतात, तारांचं गुंतवळ येतं; इंजिन कुठल्यातरी मोडीत निघालेल्या गाडीचं. बांधून झाली की सरकारी तपासणी. ती पास झाली तर नंबर मिळतो आणि गाडी रस्त्यावर येते. नाही तर गॅरेजातलं शोभेचं फर्निचर.

अशा गाड्या बांधणाऱ्यांचा एक क्लब होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी एका पबबाहेर गाड्या लावून मंडळी उभी असायची. क्लाइव बसनं जायचा आणि कडेला उभा राहून लिंबू घातलेली बिअर प्यायचा. तिथल्या ग्रॅहम नावाच्या दांडग्या माणसानं सुरुवातीला दोनदा म्हटलं होतं, "शनिवारी येऊ का आम्ही दोघंतिघं? हात लावू गाडीला." क्लाइवला वाटलं, आपलं म्हणायचं म्हणून म्हणतोय. या मुलखात 'या की कधीतरी घरी' म्हटलं म्हणजे लगेच निघायचं नसतं, हे त्याला आईनं लहानपणीच शिकवलेलं. तो म्हणाला, "नको, नको, माझं मी करेन." ग्रॅहमलाही त्याच्या आईनं तेच शिकवलं असावं; त्यानं पुन्हा विचारलं नाही. नंतर कधीतरी बिअर आणताना क्लाइवच्या कानावर पडलं, "टिम्परलीला एकट्यानंच बरं वाटतं." त्याला मागे वळून सांगावंसं वाटलं, की तसं नाही. पण मग आपण ऐकत उभे होतो असं दिसलं असतं.

भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. फक्त ही बहीण अशी, की दारात आलेली भीकही परतवून लावते.

"बघू तरी द्या," ग्लेनिस म्हणाली. "माझ्या घरातून गेलेली पोर आहे ती."

"पसारा आहे फार. पुढच्या वेळी—"

पण ती घरातून सरळ मागच्या दाराशी पोचलीसुद्धा होती. क्लाइव खोकं घेऊन मागोमाग.

गाडी हिरवी होती. जेमतेम कमरेएवढी उंच, नाकानं लांब, पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे. डाव्या आसनावर बागेच्या खताची तीन पोती एकावर एक रचून त्यांना सीटबेल्ट लावलेला होता. ग्लेनिसनं हात कमरेवर ठेवले.

"हा कोण? ओळख तरी करून द्या."

"खत आहे."

"ते दिसतंय मला. त्याला फिरायला नेताय का?"

"स्प्रिंगांची उंची बसवताना दोन माणसांचं वजन आत लागतं," क्लाइव म्हणाला. "माणूस नव्हतं. म्हणून."

ग्लेनिस हसायच्या बेतात होती, ती थांबली. मग उगीचच तिनं समोरच्या पत्र्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"केवढं गुळगुळीत केलंय!"

"तपासणी करणारी बाईही हेच म्हणाली. धारदार कडा चालत नाहीत त्यांना. तिला काही सापडलं नाही. दिवे, आरसे, आवाज, सगळं पास झालं." त्यानं चाकाकडे बोट केलं. "ब्रेक राहिले. पेडल दाबलं की स्पंजासारखं लागतं. नळीत कुठंतरी हवा अडकली आहे."

"मग काढा की."

"एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्यानं चाकाशी बसून स्क्रू सैल करायचा, हवा बाहेर पडली की बंद करायचा. बंद झाल्याशिवाय आतल्यानं पाय उचलायचा नाही, नाही तर हवा परत आत. मी आसनाला काठी टेकवून पेडल दाबून धरत होतो आणि चाकाकडे पळत होतो. त्या बाईनं विचारलं, पेडल कुणी दाबलं? मी म्हटलं, काठीनं. ती म्हणाली, काठीला ऐकू येत नाही, मिस्टर टिम्परली."

"खरंय बाईचं."

"येत्या गुरुवारी पुन्हा तारीख मिळाली आहे. पास झाली तर नंबर हाती येईल, मग पहिल्या रविवारी..." त्यानं वाक्य सोडून दिलं. खोकं उघडायला घेतलं. आत एक प्लॅस्टिकची बाटली, एक नळी, एक झडप. त्यानं ती उलटसुलट करून पाहिली आणि फळीवर ठेवली. तिथं तसल्याच, कामी न आलेल्या दोन बाटल्या आधीपासून उभ्या होत्या.

ग्लेनिसनं तिन्ही बाटल्या पाहिल्या.

"अरे बदका," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिच्या लक्षातही आलं नाही. "आमचा केन समोर खुर्चीत बसून तुझ्या घराच्या कडेनं दिसणारा गॅरेजचा दिवा बघत असतो. म्हणतो, विचारू का त्याला? मी म्हणते, नको, त्याला आवडायचं नाही. मागे केननं शिडी देऊ केली तर तू काय म्हणालास, आठवतंय? 'नको, उगीच कशाला.' दोन दिवस तोंड पाडून बसला होता."

क्लाइवला शिडी आठवत होती. छपराची पन्हळ साफ करायला त्यानं तेव्हा खुर्चीवर स्टूल ठेवलं होतं. त्याला वाटलं होतं, शेजाऱ्याला ओझं नको. समोरचा माणूस नकार घेऊन घरी गेला आणि तो त्याला लागला, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो पोत्यांकडे बघत राहिला. सीटबेल्ट पोत्यांवर घट्ट बसला होता.

"कवळ्या करायचो तेव्हाही एकटाच असायचो," तो म्हणाला.

बाहेर कुणाचंतरी गवत कापायचं यंत्र सुरू झालं. मग ग्लेनिसनं एप्रनला हात पुसले, म्हणजे आता निघायचं.

"चला. केनचं अंडं उकडायचंय. काही लागलं तर सांगा हं."

हे वाक्य या गल्लीत सगळेच निरोप घेताना म्हणतात, आणि त्याचं उत्तरही ठरलेलं असतं. ते उत्तर क्लाइवच्या जिभेवर तयार होतं. ग्लेनिस फाटकापर्यंत पोचली, कडीला हात लावला. आता ती जाणार, आपण काठी घेणार, गुरुवारी ट्रेलर येणार.

"मिसेस पार्किन," तो म्हणाला. आवाज इतका मोठा निघाला की त्याचा तोच दचकला.

ती वळली.

क्लाइवनं डाव्या आसनावरचा बेल्ट सोडला. पोती एकेक करून खाली उतरवली, जमिनीवर भिंतीला लावून ठेवली, मग चालवणाऱ्याच्या आसनावरची धूळ बाहीनं झटकली. कान लाल झाले होते.

"केनचं अंडं झालं की," तो म्हणाला, "तुमच्यापैकी कुणीतरी येऊन इथं बसाल का? मी सांगेन तेव्हा पेडल दाबायचं, आणि मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."