‘मंडपाबाहेर’ कुणी छापलं?

“हे पाप कुणी छापलं?” लग्न समितीच्या अध्यक्षसाहेबांनी पुस्तक माझ्या टेबलावर असं आपटलं, की पलीकडे गुजरातेत कपातला चहा हिंदकळला असेल.

“दुसऱ्या पानावर खाली बघा साहेब,” मी म्हटलं. “माझंच नाव आहे.”

पुस्तकावर मुद्रकाचं नाव-गाव छापावं लागतं, तसा कायदाच आहे. बारीक टाइपातली एक ओळ. मी तिला गळफास म्हणतो. त्या ओळीपायीच डहाणूपासून वापीपर्यंत प्रेसवाल्यांनी पुस्तक लिहिणाऱ्या सुनंदाला परत पाठवलं होतं. सगळ्यांचं एकच, “छापतो, पण आमचं नाव नको.” ती म्हणायची, “नाव नसेल तर ते पत्रक झालं, पुस्तक नाही.” शेवटी ती तलासरीला माझ्याकडे आली. स्वतःचं नाव मला भिंतीवर खरडलेलंसुद्धा आवडतं. मी हो म्हटलं.

सुनंदा रानशेतची. नोटाबंदीनंतरच्या उन्हाळ्यात तिने कंपनीतली पॅकिंगची नोकरी सोडली, लग्न न करता मित्राबरोबर राहायला लागली, आणि हे सगळं का केलं ते लिहून काढलं. नोकरी, देवधर्म, पुढारी, सगळ्यांना शिव्या, आणि त्याही बोलतात तशाच. प्रूफ तपासताना माझा डीटीपी ऑपरेटर दोनदा तोंड धुऊन आला. पण त्या शिव्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. बोंब झाली ती एका पानावरून. त्याचा फोटो तालुक्यातल्या प्रत्येक मोबाईलवर फिरला.

आमच्या भागात पुष्कळ जोडपी आधी संसार मांडतात. लग्न पुढे, सवड आणि पैसा जमेल तेव्हा. लेकरं आईबापाच्या वरातीत नाचतात. साहेबांची समिती दरवर्षी अशा जोडप्यांची एका मंडपात लग्नं लावते. साडी, भांडी, फोटो. पत्रिका मी छापायचो. माझं मशीन वर्षभर त्या पत्रिकांवरच जेवायचं. आणि सुनंदाच्या आईबापाचं लग्न याच मंडपात लागलेलं.

“ते पान फाडा,” साहेब म्हणाले. “प्रत्येक प्रतीतून. मी नाही सांगत, तिचा बाप सांगतोय.”

बाप त्यांच्या मागे, दारातच उभा होता. चपला बाहेर काढून.

“साहेब, शिवलेल्या पुस्तकात पान एकटं नसतं,” मी म्हटलं. “शिलाईपलीकडे त्याचं जोडपान असतं. एक फाडलं की दुसरंही सुटतं.”

“सुटू दे!”

सुनंदा आत बाइंडिंगला हात लावत होती. ती उठली. तिने साहेबांनी आपटलेली प्रत उघडली आणि त्या पानावर स्टीलची पट्टी ठेवली.

“साहेबांनी सांगितलं म्हणून नाही फाडणार,” ती म्हणाली. “बाबा, तू फाड म्हण. माझ्या हातानं सगळी फाडते.”

बाप पुढे आला. “मला वाचाय येत नाय. हे सांगतात, पोरीनं तुझी इज्जत काढली. शेठ, काय लिवलंय ते आधी ऐकू दे.”

माझा आवाज असा, की अच्छाडच्या नाक्यावर ट्रकवाले हॉर्न समजून बाजू देतात. त्या दिवशी मी तो पुटपुटण्याइतका खाली आणला. मी वाचलं:

“मंडपात मी आईचा पदर धरून उभी होते. कुणीतरी म्हणालं, ही पोर कुणाची? फोटोत नको, बाजूला घ्या. मी बाजूला झाले. तेव्हा कळलं, आईबापाचं लग्न नीट व्हायचं तर मी नसायला हवी.”

बाप वाकून त्या पानाकडे बघू लागला.

“घरात फोटो हाय,” बाप म्हणाला. “हिची आई रोज पुसते. पदराला हात दिसतो त्यात. एवढासा.” मग साहेबांकडे वळला. “बाजूला घ्या, हे तुमीच बोललात. आन् सारली मी.”

साहेबांनी खिशातून मोबाईल काढला. तो वाजला नव्हता.

“पान राहू दे,” बाप म्हणाला. दारात चपला शोधताना सुनंदाला एवढंच म्हणाला, “आईला नको वाचून दाखवू. तिला आवडतो त्यो फोटो.”

सुनंदाने पट्टी उचलली. पान मात्र ती बराच वेळ दाबून बसली होती.

समितीचं काम माझ्या हातून गेलं. डहाणूतल्या दुकानांनी पुस्तक ठेवलं नाही. अच्छाडच्या एका ढाब्यावर गुटख्याच्या माळांखाली ते खपायला लागलं. ‘मंडपाबाहेर’ हे नाव बघून ट्रकवाले भलत्याच आशेने घ्यायचे. एकाने परतीच्या फेरीत आणून आपटलं, “इसमें तो वैसा कुछ है ही नहीं!” दुसरा मात्र आणखी एक प्रत मागायला आला. घरी मुलीला हवी होती म्हणे.

पुढच्या वर्षी समितीची पत्रिका कुणीतरी मला दाखवली. कुठल्या दुसऱ्याच प्रेसची. तळाशी नवी सूचना होती: ‘लहान मुलांना मंडपात आणू नये.’

म्हणजे पुस्तक त्यांनी नीट वाचलं होतं. सवयीने मी सूचनेखाली मुद्रकाचं नाव शोधलं. ते कुणी घातलं नव्हतं.