चकली आणि रिकामे हात

नीलांबरी गेली सोळा वर्षं अमेरिकेत, अल्फारेटात दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायची नोकरी करत होती. तिच्या नजरेतून सुटली ती चूकच नव्हे, असं ऑफिसात म्हणत. घरातली चूक मात्र तिला वर्षभर दिसली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तिची मुलगी अनिका पंधरा वर्षांची. वर्षभरात तिनं आधी पोळी सोडली, मग भात, मग टेबलावर येणंच सोडलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, समुपदेशक गाठून दिली आणि गेल्या खेपेला स्पष्टच म्हणाले, येत्या मंगळवारी वजन आणखी उतरलेलं दिसलं तर पोरीला हॉस्पिटलात ठेवावं लागेल. तेव्हापासून नीलांबरीच्या पायाखालची जमीन सरकली होती. पोर डोळ्यांदेखत झिजत होती आणि आई पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी करत सुटली होती. दुसरं करणार काय? नागपूरला तिच्या माहेरी घरात कुणी वारलं तरी आलेल्यांना आधी जेवलात का विचारत आणि मग रडत. ऑफिसातून आली की बूट काढायच्या आधीच ती जिन्याखालून ओरडे, "जेवलीस का गं?"

वरून उत्तर येई, "हो, मगाशीच." कचऱ्याचा डबा मात्र वेगळंच सांगे.

अनिकाच्या खोलीत काचेच्या पेटीत एक पाळलेला अजगर होता, बॉल पायथन जातीचा, हातभर लांबीचा. मादी ती; वेटोळं घालून बसते म्हणून अनिकानंच तिचं नाव चकली ठेवलेलं. अनिकाच्या अंगात त्राण उरलं नाही तेव्हा चकलीचं खाणंपिणं नीलांबरीकडे आलं. बाई जन्माची शाकाहारी. पण गॅरेजमधल्या फ्रीजरमधून दर आठवड्याला एक गोठलेला उंदीर काढायची, गरम पाण्यात ठेवायची आणि श्वास रोखून चिमट्यानं पेटीत धरायची. सापाला दूध पाजू नये म्हणतात, ही उंदीर भरवत होती! कारण "चकलीनं खाल्लं?" एवढा एक प्रश्न अनिका अजून आपणहून विचारत असे.

एरवी उंदराबरोबरच बदलायची ते पाण्याचं भांडं गुरुवारी कोरडं दिसलं म्हणून तिनं झाकण सरकवलं, तशी चकली सटकन झेपावली आणि तिच्या बोटाला चावली. विष नव्हतं, पण रक्त आलंच.

"अगं, मी हिला भरवते आणि ही मलाच चावते!" नीलांबरी किंचाळली.

अनिका पलंगावर उठून बसली. "आई, तिची मिस्टेक नाहीये. तू फक्त फीड करायलाच पेटी ओपन करतेस. झाकण उघडलं की फूड, एवढंच तू तिला शिकवलंयस. शी डझन्ट इव्हन नो यू." तिनं खणातून लोखंडी आकडी काढून दिली. "आधी ह्यानं हळूच टॅप कर. रोज. मग तिला कळेल, आज फूड नाहीये. नुसती आई आलीये."

बोटाला पट्टी लावून नीलांबरी खाली आली आणि अनिकाचं ताट वाढायला लागली. बाजूलाच माशांची टाकी होती. तिचा नवरा प्रसाद टाकीवर चमचा वाजवून माशांना खाणं घालत असे. वाढताना नीलांबरीचा चमचा ताटावर वाजला. सगळे मासे तोंडं उघडून वर आले, आणि त्याच आवाजासरशी वर अनिकाचं दार खाडकन बंद झालं.

नीलांबरी चमचा हातात धरून उभीच राहिली. कुणाला काही भरवायचं नसताना, नुसतं लेकीपाशी बसायला आपण त्या खोलीत शेवटचं कधी गेलो होतो? तिला आठवेना. ती तिथेच फरशीवर बसली आणि हमसून हमसून रडली.

समुपदेशक बाईंनी बांधून दिलेल्या वेळी ताट नेणं तिनं प्रसादकडे सोपवलं. आपण शुक्रवारपासून नुसतंच जायचं ठरवलं. टकटक केली, तर दार उघडायच्या आतच आवाज आला, "आय ॲम नॉट हंगरी!" नीलांबरीनं दार ढकललं आणि दोन्ही रिकामे हात दाखवले. मग तिनं चकलीला आकडीनं हळूच शिवलं, बाहेर काढलं आणि जमिनीवर बसून राहिली. शनिवारी तेच, रविवारी तेच. जिभेवर आलेला तो रोजचा प्रश्न गिळताना तिचा जीव तुटत होता. मंगळवार काही थांबणार नव्हता.

सोमवारी संध्याकाळी चकलीनं शांतपणे तिच्या मनगटाला विळखा घातला. अनिका पलंगावरून उतरून शेजारी येऊन बसली. विळख्याच्या वर आईचं घड्याळ सैल होऊन कोपरापर्यंत घसरलं होतं. अनिका त्या घड्याळाकडे बराच वेळ बघत राहिली.

"आई, तू जेवलीस का?"

"हो, मगाशीच," नीलांबरीच्या तोंडून निघून गेलं.

"दॅट्स माय लाइन," अनिका म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

नीलांबरीला खोटं रेटवेना. "नाही गं. डॉक्टरांकडून आल्यापासून घास उतरत नाहीये. भीती वाटते."

"मलापण," अनिका म्हणाली.

खाली टेबलावर प्रसादनं दोघींची ताटं वाढून झाकून ठेवली होती. उद्या मंगळवार होता.