साडूंनी सोडलेली गाठोडी

संगणकावरचा खेळ उघडून तो न खेळणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं भाग्य. आमच्या कॉलेजच्या दिवसांतले किल्ल्यांचे आणि राक्षसांचे ते खेळ काढणाऱ्या बहुतेक कंपन्या केव्हाच बुडाल्या. खेळातली सगळी चित्रं, आवाज, नकाशे एकाच फाइलमध्ये गाठोड्यासारखे बांधलेले असतात आणि गाठ बाहेरून सुटू नये अशीच मारलेली असते. साडू ती सोडवतात. त्यासाठी प्रोग्रॅम लिहितात आणि जगभरच्या हौशी मंडळींना फुकट वाटतात. "कितव्या लेव्हलला पोचलात?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "लेव्हल कायची गा? मी तं अजून दरवाज्याची बिजागरीच पाहून राहिलो."

सीताबर्डीच्या फुटपाथवर ओरखडे पडलेली सीडी दिसली की त्यांचा चेहरा खुलतो. विकणारा "नही चलेगी साहब" म्हणाला, की गोडी दुप्पट. एका खेळात जखमी वीर सफरचंद खाऊन बरा होतो. साडूंनी सफरचंदं काढून संत्री बसवली. परदेशातून कुणीतरी विचारलं, ही हिरवट का? त्याला यांनी संत्र्याच्या आंबिया आणि मृग बहारातला फरक समजावणारं दोन पानी पत्र पाठवलं. मुलीच्या साखरपुड्याला पाहुणे दारात आले तरी हे आतच. मेहुणी माझ्याकडे धावत आली. "भाऊजी, यांले समजवा ना! पोरीचे सासरे आले अन् हे खेळातल्या पहारेकऱ्याची टोपी रंगवून राहिले!"

गेल्या हिवाळ्यात सावनेरहून एक शिक्षिका त्यांचा पत्ता शोधत आल्या. पिशवीत जुनी हार्ड डिस्क. त्यांचा थोरला भाऊ दोन वर्षांपूर्वी वारला होता. बाई स्वतः शाळकरी असताना त्याने एका खेळात पहारेकऱ्यांच्या तोंडी स्वतःचा आवाज घातला होता. भावाचा आवाज तेवढाच उरलेला, आणि ती फाइल कुठेच उघडत नव्हती.

साडूंच्याही प्रोग्रॅमने हात टेकले. कुठला आवाज कुठे संपतो हे सांगणारी फाइलमधली यादीच खराब झाली होती. उघडली की नुसता पापड तळल्यासारखा चरचराट. तीन महिन्यांचे रविवार गेले. एकदा तर "नाही जमत म्हणून सांगून टाकतो," असंही म्हणाले. पण सांगितलं नाही. शेवटी, घरात कुणाचं दोन मिनिटं न ऐकणारा हा माणूस कानाला हेडफोन लावून बसला आणि तो सगळा चरचराट इंच इंच ऐकून त्याने एकेक वाक्य हाताने कापून काढलं.

बाई पुन्हा आल्या तेव्हा मी तिथेच होतो. मेहुणी चहा घेऊन दारातच थबकली. साडूंनी बटण दाबलं आणि स्पीकरमधून एक विशीतला आवाज दरडावला, "काहून वं, अभ्यास झाला का? नाही तं भाग इथून!"

बाई खळखळून हसल्या. मग पदराने डोळे टिपत, पडद्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "झाला, दादा."

साडू माउसवर हात ठेवून बसून राहिले, त्या "पुन्हा लावा" म्हणेपर्यंत.